बियाण्याच्या पोटातील शास्त्र : अनुवंशशास्त्राच्या शाखा आणि आपला कापूस

‘खाण तशी माती’ ही म्हण आपल्याकडे फार जुनी आहे. आईबापांचे गुण लेकरांत उतरतात, उत्तम गाईचे वासरू उत्तम निपजते आणि पेरावे तसे उगवते, हे शेतकऱ्यास कोणी शिकवावे लागत नाही. परंतु गुण उतरतात कसे, कधी उतरतात आणि कधी हुलकावणी देतात, याचा नियमबद्ध विचार करणारे शास्त्र मात्र तुलनेने नवे आहे. त्यास अनुवंशशास्त्र म्हणतात.

हे शास्त्र केवळ विद्यापीठांच्या प्रयोगशाळांपुरते आहे, अशी समजूत असल्यास ती दूर करणे अगत्याचे आहे. महागाव तालुक्यातील फुलसावंगी व आसपासच्या काळ्या जमिनीत कापूस घेणारे शेतकरी दर हंगामात तीन प्रश्न हटकून विचारतात. संकरित कापसाची घरची सरकी पुढील वर्षी का पेरू नये? बीटी बियाणे घेऊनही बोंडात शेंदरी अळी कशी निघते? आणि बीटीबरोबर बिगर-बीटी बियाणे कशासाठी देतात? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे अनुवंशशास्त्राच्या निरनिराळ्या शाखांत आहेत. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी या शाखांची तोंडओळख करून घेतल्यास, ‘असे करा’ एवढेच सांगण्याऐवजी ‘असे का करावे’ हेही त्यांना सांगता येईल.

१. गुणांच्या वाटणीचे नियम

या शास्त्राचा पाया ग्रेगोर मेंडेल या मठवासी संशोधकाने घातला. युरोपातील ब्रुन (आजचे ब्रनो) या गावी मठाच्या बागेत १८५६ पासून त्याने वाटाण्यावर प्रयोग केले, १८६५ मध्ये त्यांचे निष्कर्ष वाचून दाखविले आणि १८६६ मध्ये ते छापून प्रसिद्ध झाले. गोल दाण्याच्या व सुरकुतलेल्या दाण्याच्या वाटाण्यांचा त्याने संकर केला. पहिल्या पिढीतील सर्व दाणे गोल निघाले. ती झाडे स्वतःच्याच परागाने फळू दिल्यावर दुसऱ्या पिढीत ५,४७४ दाणे गोल व १,८५० दाणे सुरकुतलेले मिळाले, म्हणजे जवळजवळ तीनास एक.

यावरून मेंडेलने असे अनुमान काढले की, प्रत्येक गुणासाठी झाडात दोन घटक असतात, एक आईकडून व एक बापाकडून आलेला. बीज तयार होताना ते विलग होतात आणि पुढील पिढीत पुन्हा नव्याने जोडले जातात. दोहोंपैकी जो घटक वरचढ ठरतो तो प्रभावी होय. जो झाकला जातो पण नाहीसा होत नाही, तो अप्रभावी होय. हे संशोधन चौतीस वर्षे दुर्लक्षित राहिले. १९०० साली द व्रीज, कोरेन्स व चेरमाक यांनी ते पुन्हा उजेडात आणले. इंग्रज शास्त्रज्ञ बेटसन याने १९०५ मध्ये या विद्येस स्वतंत्र नाव सुचविले आणि डॅनिश शास्त्रज्ञ योहान्सेन याने १९०९ मध्ये घटकास जे नाव दिले, त्यालाच आपण मराठीत जनुक म्हणतो.

घरच्या सरकीच्या प्रश्नाचे उत्तर येथेच मिळते. संकरित कापसाचे शेत म्हणजे मेंडेलची पहिली पिढी होय. तीत सर्व झाडे एकसारखी व जोमदार असतात. त्यांच्या बोंडातील सरकी ही दुसरी पिढी. तीत घटक विलग होऊन निरनिराळ्या तऱ्हेने जुळतात. एका घटकाच्या बाबतीत निम्मीच झाडे संकरित स्थितीत राहतात. दहा घटक स्वतंत्रपणे विलग होत असतील, तर दहाही संकरित स्थितीत असलेले झाड १,०२४ मध्ये एकच मिळण्याचा संभव असतो. परिणामी शेतात एक झाड उंच तर एक खुजे, एकास लवकर बोंडे तर दुसऱ्यास उशिरा, असा विसकळीतपणा येतो. बियाणे विक्रेत्यांचा धंदा चालावा म्हणून हा सल्ला दिला जातो, असे काहींना वाटते. परंतु विक्रेता नसता तरी हा नियम बदलला नसता.

२. शुद्ध वंश व निवड

मग कोणतेच बियाणे घरी राखू नये काय? तसे मुळीच नाही. योहान्सेनने १९०३ मध्ये घेवड्यावर केलेले प्रयोग या संदर्भात महत्त्वाचे आहेत. घेवडा स्वतःच्याच परागाने फळतो. एकाच झाडापासून निघालेल्या शुद्ध वंशातील मोठे व लहान दाणे वेगवेगळे पेरले असता दोहोंच्या संततीतील दाण्यांचे सरासरी वजन सारखेच भरले. दाण्यातील तो फरक खत, पाणी व जागा यांमुळे पडलेला होता, वंशातील नव्हता. मात्र अनेक वंशांच्या मिश्रणातून निवड केली, तेव्हा ती सफल झाली. तात्पर्य, निवडीला यश येते ते मुळात वंशभेद असेल तेथेच.

आपल्याकडील सोयाबीन हे असेच स्वयंफलित पीक आहे. त्याच्या सरळ वाणाचे घरचे बियाणे, भेसळीची झाडे उपटून व काळजीपूर्वक साठवून, दोन-तीन वर्षे निर्धास्तपणे वापरता येते. पेरणीपूर्वी शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून उगवण पाहावी. सत्तर किंवा अधिक दाणे उगवल्यास बियाणे योग्य समजावे. कापसातही अकोल्याचे एकेए-७ व एकेए-८४०१ यांसारखे गावरान सरळ वाण आहेत. त्यांचे बियाणे राखता येते. कापसात मधमाश्यांकडून काही प्रमाणात परपराग येत असल्यामुळे शेताच्या कडेची झाडे सोडून मधल्या भागातील निरोगी झाडांची बोंडे वेगळी वेचावीत.

डोळसपणे केलेली निवड किती फळते, याचे उदाहरण आपल्याच विदर्भातील आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड या गावचे अल्पभूधारक शेतकरी दादाजी खोब्रागडे यांना १९८३ साली आपल्या धानाच्या शेतात काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्या त्यांनी इतर धानात मिसळू न देता वेगळ्या ठेवल्या व वर्षानुवर्षे वेगळ्याच पेरल्या. त्यातून ‘एचएमटी’ या नावाने प्रसिद्ध झालेला बारीक तांदूळ निर्माण झाला. शेतात हजारो लोंब्या असताना वेगळी लोंबी ओळखणे, हेच निवडीचे मर्म होय.

३. पेशींचे अनुवंशशास्त्र

मेंडेलचे घटक झाडात नेमके कोठे असतात, हा प्रश्न पेशींच्या अभ्यासकांनी सोडविला. प्रत्येक पेशीच्या केंद्रात सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे धागे असतात; त्यांस गुणसूत्रे म्हणतात. १९०२-०३ च्या सुमारास सटन व बोव्हेरी यांनी दाखविले की, मेंडेलचे घटक ज्याप्रमाणे विलग होतात, त्याचप्रमाणे गुणसूत्रेही विलग होतात. १९१० पासून अमेरिकेतील मॉर्गन याने फळमाशीवर प्रयोग करून जनुके गुणसूत्रांवर असतात हे सिद्ध केले. त्याचा विद्यार्थी स्टर्टेव्हंट याने १९१३ मध्ये गुणसूत्रावरील जनुकांच्या क्रमाचा पहिला नकाशा काढला.

कापसाच्या दृष्टीने ही शाखा अत्यंत मोलाची ठरली. आपल्या गावरान कापसात २६ गुणसूत्रे असतात, तर अमेरिकन कापसात ५२. या दोहोंचा संकर केल्यास ३९ गुणसूत्रांचे झाड होते. त्यातील गुणसूत्रांच्या जोड्या नीट लागत नाहीत, म्हणून ते सहसा वांझ राहते. गावरान कापसाचा काटकपणा अमेरिकन कापसात आणणे कठीण का, याचे कारण हे आहे. १९३७ मध्ये कोल्चिसीन या द्रव्याने गुणसूत्रांची संख्या दुप्पट करता येते, हे कळल्यावर अशा वांझ संकरांनाही फळते करण्याचा मार्ग मोकळा झाला. १९४० मध्ये बीसली या अमेरिकन शास्त्रज्ञाने याच पद्धतीने २६ गुणसूत्रांची एक गावरान व एक रानटी जात एकत्र आणली. ५२ गुणसूत्रांचा कापूस अशाच दोन कुळांच्या मीलनातून निसर्गात जन्मला असावा, या मतास त्यामुळे बळकटी आली.

४. अचानक घडणारे बदल

गुण उतरताना क्वचित जनुकातच बदल घडतो. त्यास उत्परिवर्तन म्हणतात. १९२७ मध्ये मुलर याने क्ष-किरणांच्या साहाय्याने फळमाशीत असे बदल घडवून आणता येतात हे दाखविले. १९२८ मध्ये स्टॅडलर याने पिकांतही तेच दाखविले. असे बहुतेक बदल निरुपयोगी वा घातक असतात. परंतु हजारांतून एखादा उपयुक्त निघतो, आणि तो ओळखून वाढविणे हे पैदासकाराचे काम होय. मुंबईजवळील ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्र व अकोल्याचे कृषि विद्यापीठ यांच्या सहकार्यातून या मार्गाने अनेक वाण निघाले. टीएयू-१ हा उडीद व टीएजी-२४ हा भुईमूग शेतकऱ्यांच्या परिचयाचे आहेत. या नावांतील पहिली दोन अक्षरे ट्रॉम्बे व अकोला यांचीच आहेत.

५. केवळ आईकडून येणारे गुण

सर्वच गुण आईबापांकडून सारखे येत नाहीत. केंद्राबाहेरील पेशीद्रव्यात जी जनुके असतात, ती बहुधा आईकडूनच येतात, असे कोरेन्स याने १९०९ मध्ये दाखविले. ही गोष्ट वरवर किरकोळ वाटते. पण हायब्रीड ज्वारी तिच्यावरच उभी आहे. ज्वारीच्या एकाच फुलात नर व मादी दोन्ही भाग असतात, त्यामुळे लक्षावधी फुलांतील नरभाग हाताने काढणे अशक्य. १९५४ मध्ये अमेरिकेत पेशीद्रव्यामुळे नरवंध्य होणारी ज्वारी मिळाली. तिच्या शेजारी दुसरा वाण पेरला की संकर आपोआप होतो. याच पद्धतीने तयार झालेला सीएसएच-१ हा भारतातील पहिला संकरित ज्वारीचा वाण १९६४ मध्ये प्रसारित झाला.

६. उत्पादनासारखे मोजण्याचे गुण

दाणा गोल की सुरकुतलेला, हे एका जनुकावर ठरते. परंतु एकरी उत्पादन, धाग्याची लांबी, झाडाची उंची हे गुण अनेक जनुकांच्या थोड्याथोड्या प्रभावांनी व हवामानाने घडतात. स्वीडनमधील निल्सन-एले याने १९०९ मध्ये गव्हाच्या दाण्याच्या रंगावरून अनेक जनुकांचा हा एकत्रित प्रभाव दाखविला, आणि इंग्रज गणितज्ञ फिशर याने १९१८ मध्ये त्याची मेंडेलच्या नियमांशी सांगड घातली. या शाखेस परिमाणात्मक अनुवंशशास्त्र म्हणतात. एकाच वर्षी एका शेतात एखादे वाण चांगले आले म्हणून ते चांगले, असे म्हणता येत नाही. अनेक ठिकाणी व अनेक वर्षे चाचण्या घेतल्याशिवाय वंशाचा वाटा व जमिनीचा वाटा वेगळा काढता येत नाही. विद्यापीठ शिफारशीस विलंब लावते, त्याचे एक कारण हे आहे.

भिन्न वंशांच्या संकरात जो विशेष जोम दिसतो, तोही याच शाखेचा विषय होय. अमेरिकेत शल याने १९०८ मध्ये मक्यात त्याचा पद्धतशीर अभ्यास मांडला. कापसात तो जोम व्यापारी प्रमाणावर प्रथम वापरला तो भारताने. सुरत येथे डॉ. सी. टी. पटेल यांनी विकसित केलेला एच-४ हा संकरित कापूस १९७० मध्ये प्रसारित झाला. जगातील तो पहिला व्यापारी संकरित कापूस होय. पाठोपाठ १९७२ मध्ये धारवाडहून वरलक्ष्मी आली. ती ५२ गुणसूत्रांच्या दोन भिन्न जातींचा संकर होती. १९८० च्या दशकात पैनगंगेपलीकडील नांदेडच्या संशोधन केंद्रातून एनएचएच-४४ हा वाण निघाला व तो कोरडवाहू शेतकऱ्यांत फार लोकप्रिय झाला.

७. रेण्वीय अनुवंशशास्त्र

जनुक हा पदार्थ तरी कोणता? १९४४ मध्ये एव्हरी व त्याच्या सहकाऱ्यांनी तो डीएनए असल्याचा पुरावा दिला. १९५३ मध्ये वॉटसन व क्रिक यांनी डीएनएची पीळदार दुहेरी रचना मांडली. ही रचना म्हणजे चार अक्षरांच्या लिपीत लिहिलेली पोथीच होय. ती लिपी वाचण्याच्या कार्यात मूळ भारतीय असलेले हरगोविंद खुराना यांचा मोठा वाटा होता. १९६८ च्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी होते. १९७३ पासून एका जीवाचे जनुक दुसऱ्या जीवात घालण्याची रीत हाती आली.

बीटी कापूस हे तिचेच फळ. जमिनीत आढळणाऱ्या एका जीवाणूचे बोंडअळीस मारक असे प्रथिन तयार करणारे जनुक कापसात घातले गेले. मार्च २००२ मध्ये भारतात त्यास प्रथम परवानगी मिळाली. २००६ मध्ये अशी दोन जनुके असलेला बीटी कापूस आला. प्रथम काही वर्षे बोंडअळ्यांचा उपद्रव पुष्कळ कमी झाला, हे नाकारता येत नाही. परंतु २०१० मध्ये गुजरातेतील शेंदरी अळी पहिल्या जनुकास दाद देत नसल्याचे जाहीर झाले, आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात दोन्ही जनुके असलेल्या कापसाचीही बोंडे किडली. अळीचा विषय समजण्यासाठी आता शेवटच्या शाखेकडे वळावे लागते.

८. समुदायाचे अनुवंशशास्त्र

१९०८ मध्ये इंग्रज गणितज्ञ हार्डी व जर्मन डॉक्टर वाइनबर्ग यांनी, संपूर्ण समुदायात जनुकांचे प्रमाण कसे टिकते व कोणत्या कारणांनी बदलते, याचा नियम स्वतंत्रपणे मांडला. तो अळीसही लागू पडतो. समजा, शेंदरी अळीच्या समुदायात विष पचविणारे जनुक शंभरांत एक आहे. तर ते दुहेरी स्वरूपात असलेली अळी दहा हजारांत फक्त एक असेल, आणि एकेरी स्वरूपात असलेल्या १९८ असतील. विषाची मात्रा पुरेशी असेल, तर एकेरी जनुकाच्या अळ्या मरतात. दहा हजारांतील ती एक तेवढी वाचते.

सगळीकडे बीटी कापूसच असेल, तर वाचलेले पतंग वाचलेल्यांशीच जोडी जमवितात आणि त्यांची संतती सर्वच्या सर्व विष पचविणारी होते. याउलट जवळच बिगर-बीटी कापसाच्या ओळी असतील, तर तेथे शेकडो साधे पतंग जन्मतात. वाचलेल्या एखाद्या पतंगाची जोडी बहुधा त्यांच्याशी जमते. संतती एकेरी जनुकाची होते आणि बीटी कापसावर मरते. बिगर-बीटी बियाण्याचे प्रयोजन हे आहे. त्यास आश्रय-पीक म्हणतात. पूर्वी ४५० ग्रॅमच्या बीटी पाकिटाबरोबर त्याची १२० ग्रॅमची वेगळी पुडी मिळे, आणि ती अनेक ठिकाणी बांधावर फेकली गेली. अलीकडे ते बियाणे त्याच पाकिटात मिसळलेले असते. कापसात तुरीच्या ओळी असतात, त्या आश्रय-पिकाचे काम करतील असे काहींना वाटते. हिरव्या बोंडअळीच्या बाबतीत ते खरे आहे, कारण ती तुरीवरही जगते. शेंदरी अळी मात्र मुख्यतः कापसावरच जगते, म्हणून तिच्यासाठी तुरीचा उपयोग नाही.

येथे मेंडेलचा नियम पुन्हा पुढे येतो. संकरित बीटी झाडात विषाचे जनुक एकाच बापाकडून किंवा आईकडून आलेले असते. म्हणून त्याच्या बोंडातील सरकीत एका जनुकाचा विचार केल्यास चारांपैकी तीन दाण्यांत विष असते, एकात नसते. शेंदरी अळी बोंडात शिरून सरकीच खाते. तिला काही दाणे विषारी व काही निर्विष मिळतात, आणि एकेरी जनुकाच्या ज्या अळ्या मरावयास हव्या होत्या, त्याही तग धरण्याची संधी साधतात. घरची बीटी सरकी पेरल्यास हाच प्रकार संपूर्ण शेतात होतो. काही झाडे विषारी व काही निर्विष अशी भेसळ उभी राहते. घरच्या सरकीचा, पाकिटातील बिगर-बीटीचा व बोंडातील अळीचा, हे तिन्ही प्रश्न वस्तुतः एकच आहेत.

शेतात काय करावे

अळीने विष पचविण्याची शक्ती मिळविलेली असल्यामुळे केवळ बियाण्यावर विसंबून चालणार नाही. यास्तव पुढील गोष्टी सर्व गावाने मिळून कराव्यात.

(१) मान्यताप्राप्त बियाणे पावतीसह घ्यावे. पाकीट व पावती हंगाम संपेपर्यंत जपावी. तणनाशक सहन करणारे म्हणून चोरून विकले जाणारे बियाणे घेऊ नये. त्यास मान्यता नाही, त्यात कोणती जनुके आहेत याची हमी नाही आणि नुकसान झाल्यास दाद मागता येत नाही.

(२) मान्सूनपूर्व लागवड टाळावी. लवकर आलेली फुले हंगामातील पहिल्या पतंगांना आयता आधार देतात.

(३) पाकिटातील आश्रय-बियाणे वेगळे काढून टाकू नये.

(४) हेक्टरी पाच कामगंध सापळे लावावेत. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ किंवा अधिक पतंग सापडल्यास अथवा दहा टक्के फुले-बोंडे किडलेली आढळल्यास शिफारशीनुसार उपाय योजावा. डोमकळ्या दिसताच अळीसह तोडून नष्ट कराव्यात.

(५) फरदड घेऊ नये. डिसेंबर-जानेवारीपर्यंत वेचणी संपवून पऱ्हाटी शेताबाहेर काढावी. उरलेल्या किडक्या बोंडांत व सरकीत अळी सुप्तावस्थेत राहते आणि विष पचविणारे जनुक पुढील हंगामाकडे नेते.

(६) फवारणी करताना तोंडास आवरण, हातमोजे व पूर्ण कपडे वापरावेत. वाऱ्याच्या दिशेविरुद्ध फवारू नये. औषधांची मनमानी मिश्रणे करू नयेत. २०१७ साली आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व शेतमजूर प्राणास मुकले. एका हंगामाच्या कापसासाठी घरचा कर्ता माणूस गमावणे कोणासही परवडणारे नाही.

एका शेतकऱ्याने फरदड ठेवली, तर तेथील पतंग शेजाऱ्याच्या बांधापाशी थांबत नाहीत. मेंडेलच्या वाटाण्याचा नियम एका झाडापुरता पाहता येतो. समुदायाचा नियम मात्र गावाच्या शिवाराएवढा असतो. म्हणून पऱ्हाटी काढण्याची तारीख प्रत्येकाने आपापली न ठरविता ग्रामसभेत ठरवावी आणि ती सर्वांनी एकदम पाळावी, हे इष्ट होय.